मांडव उतरवणारं एन्झाइम

हिप्परगेकर बाईंच्या खोलीत मी पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि आत गेल्या गेल्या एका जिवंत पेशीचा निकाल लावला. मुद्दाम नाही. मी फक्त माझा जेवणाचा डबा टेबलावर ठेवला होता.

ते टेबल नव्हतं, हे मला नंतर कळलं. चार स्कूटरच्या ट्यूबांमध्ये हवा भरून त्यांच्यावर एक जाडजूड काळा दगड ठेवला होता, दगडावर सूक्ष्मदर्शक, आणि सगळ्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी. दगड असा तरंगता ठेवायचा, म्हणजे रस्त्यावरून बस गेली तरी वर हादरा पोचत नाही. बस चालते. भरल्या वांग्यांचा तीन पुडाचा डबा चालत नाही. मी तो ठेवला आणि समोरच्या पडद्यावर जी हिरवी रेघ शांतपणे वरखाली होत होती, ती एकदम छताला गेली आणि मग आडवी झाली.

"या अल्लाह, गया!" सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली मुलगी ओरडली. ती रुख्साना. जुन्या शहरातल्या शालिबंडा मोहल्ल्याची, शेरवान्या शिवणाऱ्या बापाची मुलगी, बाईंची संशोधन करणारी विद्यार्थिनी.

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. उजव्या मनगटावर डाव्या हाताची दोन बोटं ठेवून त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पिकलेले केस, सुती साडी, पायात रबरी चपला. मला वाटलं बाईंना चक्कर येतेय. मी खुर्ची पुढे सरकवणार, तेवढ्यात त्या बोलल्या.

"कोण आलंय?"

"मी जाधव, बाई. नवीन मेकॅनिक. हॉस्पिटलातून बदलून आलोय. ईसीजीची मशिनं बघायचो."

"डब्यात काय आहे?"

"वांगी. भरली."

"सकाळपासून आम्ही दोघी एका पेशीची मनधरणी करत होतो, जाधवराव. ती तुमच्या वांग्यांनी गेली. आता ती वांगी निदान चांगली असू देत."

दुपारी आम्ही तिघांनी ती खाल्ली. बाईंचा निकाल असा पडला, की दाण्याचा कूट जरा जास्त भाजलाय. मी भाबडेपणाने हे घरी येऊन सांगितलं. सुनंदाने, म्हणजे माझ्या बायकोने, पुढचे कित्येक दिवस दाणे कच्चेच घातले.

मनगटावरची ती बोटं म्हणजे बाईंची सवय होती. राग आला की त्या आधी नाडी धरायच्या आणि ती खाली येईपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. "रागात आपण बोलत नसतो, अ‍ॅड्रिनलिन बोलतं," असं त्यांचं म्हणणं. "त्याने बोलायचं आणि माफी मी मागायची, हे मला परवडत नाही." समोरच्या माणसाला ही शांतता शिवीपेक्षा जड जायची. आमचे एक डायरेक्टर तर बाईंचा हात मनगटाकडे जाताना दिसला की स्वतःहून म्हणायचे, "ठीक है, ठीक है, जैसा आप बोलीं वैसा."

आता बाई नेमकं काय करायच्या, हे मला जेवढं कळलं तेवढं सांगतो. मी मेकॅनिक. चूक असेल तर माझ्या पदरात घाला.

हृदयाच्या स्नायूच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत कॅल्शियम आत यायच्या बारीक वाटा असतात. वाट उघडली, कॅल्शियम आत शिरलं, की पेशी आकसते. सगळ्या एकदम आकसल्या की एक ठोका. माणूस घाबरला, चिडला, धावला, की पेशीच्या आत एक एन्झाइम जागं होतं आणि त्या वाटांपाशी फॉस्फेटचा कण चिकटवतं. मग वाटा जास्त उघडतात, कॅल्शियम जास्त येतं, ठोका जोरात पडतो. काम झालं की दुसरं एन्झाइम येतं आणि तो कण काढून टाकतं. वाटा पूर्ववत.

"बारात निघते ना आपल्याकडे," बाई मला म्हणाल्या होत्या. "मर्फ्याचे ढोल वाजवणाऱ्यांवरून नोटा ओवाळणारे, त्यांना अजून चढवणारे मामा सगळ्यांना दिसतात. ते पहिलं एन्झाइम. जगातले सगळे त्याच्यावर काम करतात. दुसऱ्या दिवशी येऊन मुकाट्याने मांडव उतरवतो, खुर्च्या मोजून टेम्पोत भरतो, तो माणूस कुणाच्या फोटोत असतो का? मी त्याच्यावर काम करते. मांडव उतरलाच नाही तर काय होईल, याचा विचार करा."

रुख्सानाचा प्रबंध याच्यावरच होता. ज्या हृदयावर बराच काळ ताण पडलाय, त्यात हे शांत करणारं एन्झाइम कमी पडतं का? एकीकडे धडधाकट उंदीर, दुसरीकडे ज्यांच्या हृदयावर मुद्दाम ताण आणलाय असे उंदीर. दोघांच्या पेशी सुट्या करायच्या, केसाहून बारीक काचेची नळी एकेका पेशीला चिकटवायची आणि कॅल्शियम किती आत जातं ते मोजायचं.

पेशी सुट्या करण्यात एक मेख होती. त्या वेळी त्यांना कॅल्शियमशिवाय ठेवावं लागतं, आणि नंतर कॅल्शियम परत द्यायचं तर थेंबाथेंबाने. घाई केली, एकदम दिलं, की विटेसारख्या लांबट, पट्ट्यापट्ट्यांच्या सुंदर पेशी क्षणात आकसून गोळा होतात. मेलेल्या. बाई रुख्सानाच्या मागे उभ्या राहून म्हणत राहायच्या, "एकदम नको. हळूहळू." पुढे पुढे हे त्यांचं सगळ्याच बाबतीत झालं. आमचा शिपाई यादगिरी, त्याचा भाऊ गावी वारला तेव्हा बाईंनी ती बातमी त्याला जवळजवळ अर्धा दिवस लावून सांगितली. आधी भाऊ आजारी, मग जास्त, मग गाडीची वेळ, मग बाकीचं. यादगिरी स्टेशनवर मला म्हणाला, "मॅडमगारू बोले तब तक मेरेकू समझ गया था साब. लेकिन रोना भी हळूहळू आया."

तो असे मधे मधे बाईंचे मराठी शब्द वापरायचा.

पुढे तेलंगणा वेगळं होणार हे नक्की झालं आणि आमच्या संस्थेला ताप चढला. रोज दुपारी फाटकावर घोषणा. एक दिवस हे, एक दिवस ते, कधी दोघेही. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना 'आप किधर के' विचारू लागली. कँटीनमध्ये चहाच्या किटल्या दोन झाल्या. तेलंगणावाल्यांची दाराशी, आंध्रवाल्यांची खिडकीशी. मी मराठी माणूस, मी दोन्हीकडे प्यायचो. दोन्हीकडे मी गेलो की बोलणं थांबायचं.

बाईंना कुणी विचारलं की त्या सांगायच्या, "आमची वाटणी छप्पन सालीच झाली, राज्यांची फेररचना झाली तेव्हा. आई सांगायची. काका नांदेडला, ते मुंबई राज्यात गेले. मावशी बिदरला, ती म्हैसूर राज्यात गेली. आम्ही इथेच नारायणगुड्यात, आम्ही आंध्रात गेलो. घरातून कुणीही हललं नव्हतं."

यावर विचारणारा आपल्या किटलीकडे परत जायचा.

मग सामानाची वाटणी आली. विभागणी समितीने ठरवलं, सूक्ष्मदर्शक तिकडे जाईल, अ‍ॅम्प्लिफायर इकडे राहील. म्हणजे पेटी तुम्ही ठेवा आणि भाता त्यांना द्या. काळा दगड आणि ट्यूबा कुणाच्याच वाट्याला आल्या नाहीत, कारण त्या बाईंनी घरून आणल्या होत्या.

समितीचे अध्यक्ष सत्यनारायण राव. माणूस वाईट नव्हता. बाईंच्या खोलीत आले, जाळीच्या बाहेर हात मागे बांधून उभे राहिले. "अम्मा, ये आधा-आधा मैं अपने मन से नहीं कर रहा. आप कुछ ठोस दिखाइए. मैं ऊपर लिखूंगा कि ये पूरी लॅब इधरच रहना चाहिए. और आप को भी दो साल और रखना चाहिए." बाईंची निवृत्ती जवळ आली होती.

दाखवायला ठोस होतं. तेच तर सांगतोय. गेल्या काही महिन्यांत रुख्सानाच्या हाताला यश आलं होतं. ताणलेल्या हृदयांच्या पेशींत कॅल्शियमच्या वाटा आधीपासूनच सताड उघड्या होत्या. मांडव उतरवणारं एन्झाइम औषधाने बंद पाडलं तरी फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे ते आधीच बसलेलं. धडधाकट उंदरांत अगदी उलट. दोन रंगांच्या दोन रेघा, मधे एवढी मोठी फट, की माझ्यासारख्यालाही चष्म्याशिवाय दिसावी. एका खासगी मेडिकल कॉलेजात रुख्सानाची नोकरी ठरली होती. प्रबंध त्या उन्हाळ्यात दिला तरच. तिच्या वडिलांनी पेढ्यांची चौकशीही करून ठेवली होती.

रावसाहेब येणार त्याच्या आदल्या दुपारी रुख्साना तो आलेख मोठा छापून घेत होती आणि बाई तिची टाकून दिलेली मोजमापं बघत बसल्या होत्या. हीसुद्धा त्यांची खोड. विद्यार्थ्याने निवडलेलं काम त्या शेवटी बघायच्या, आधी टाकलेलं. "निवडलेलं काय, कुणीही बघेल."

"रुख्साना, हा कुठला उंदीर?"

"वो छोडिए मॅडम. हेल्दी ग्रुप का था. सेलां खराब थे."

"खराब कशावरून?"

"देखिए ना, पूरा बीमार वालों के सरीखा निकला. इसलिए फेंक दी मैं."

बाई पडद्याच्या जवळ सरकल्या. "पेशी खराब दिसत नाहीत. रेघ स्वच्छ आहे. हा पिंजरा कुठे होता?"

ते मला माहीत होतं. जनावरांच्या जुन्या खोलीचा अर्धा भाग वाटणीच्या फायली ठेवायला घेतला गेला होता. म्हणून ताणलेल्या हृदयांच्या उंदरांचे पिंजरे फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवले होते, आणि धडधाकट मागच्या जुन्या खोलीत राहिले होते. मधे त्या खोलीचं कुलूप बदललं आणि किल्ली सापडेना, तेव्हा धडधाकट उंदरांचा एक नवा आलेला पिंजरा यादगिरीने शेडमध्येच ठेवला. काही आठवडे तिथेच राहिला.

मी हे सांगताच बाई उठल्या.

"चला," बाई म्हणाल्या.

बाई रोज उंदरांना भेटायला जायच्या. त्यांना त्या 'मंडळी' म्हणायच्या, पिंजऱ्यापाशी उभं राहून मराठीत दोन शब्द बोलायच्या. पण जायच्या सकाळी. घोषणा सुरू व्हायच्या दुपारी. त्या दिवशी आम्ही भर दुपारी गेलो. पत्र्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, ढोल. कर्ण्यातून भाषण. मागे जनरेटर सुरू, त्याने पत्रा थरथरतोय. आणि प्रत्येक पिंजऱ्यात सगळे उंदीर एकाच कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर चढलेले.

बाई वाकून एकेका पिंजऱ्यात बघत गेल्या. नाडी धरली नाही. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे आजारी आहेत की घाबरलेले आहेत, हे मला आता सांगता येणार नाही."

रुख्सानाला कळलं होतंच. तिने बाईंचा पदर धरला, लहान मुलीसारखा. "मॅडम, नक्को. कल राव साब आरें. इत्ते अच्छे रिझल्टां हैं, कायकू छेडरें आप?"

"रोज भ्यायलेल्या जिवाच्या हृदयात हेच होत असेल तर? तुझी फट आजाराची नाही, फाटकाची आहे."

"होगा बोलके बोलरें आप. पक्का तो नै ना?"

"नाही. मला संशय आहे. संशय आला की आलेख खाली ठेवायचा."

"किसीकू नै मालूम, मॅडम!"

"तुला माहीत आहे. मला माहीत आहे. जाधवरावांनाही माहीत आहे, पण ते विसरतील."

एरवी मी हसलो असतो. रुख्साना रडत होती. "आपका रिटायरमेंट है," ती म्हणाली, "मेरी तो जिंदगी है." आणि खोलीकडे न जाता सरळ फाटकातून बाहेर पडली. घोषणांच्या गर्दीतून तिचा काळा बुरखा जाताना मला दिसला. बाईंनाही दिसला. मला वाटलं, आता तरी बाई बदलतील. दोन वर्षांची मुदतवाढ, अख्खी प्रयोगशाळा, मुलीची नोकरी, सगळं एका न बोलण्यावर होतं. आणि न बोलणं तर बाईंना उत्तम जमायचं.

दुसऱ्या दिवशी रावसाहेब आले. सोबत समितीचे दोघे. रुख्सानाही आली, पण दाराशीच उभी राहिली. डोळे सुजलेले. आलेख गुंडाळून तिच्या हातात. मी उगाच सूक्ष्मदर्शकाची वायर तपासत होतो.

वाईट बातमी थेंबाथेंबाने देणाऱ्या आमच्या बाई. रावसाहेब अजून खुर्चीत नीट टेकलेही नव्हते, तर म्हणाल्या, "मैं जो आप को दिखाने वाली थी, वो गलत हो सकता है. इसलिए नहीं दिखाऊंगी."

रावसाहेबांनी सोबतच्या दोघांकडे पाहिलं. मग जाळीकडे. बाईंनी सगळं सांगितलं, शेड, ढोल, तो एक पिंजरा. स्वतः सकाळीच जात होत्या आणि दुपारी एकदाही गेल्या नाहीत, हेही. कुणी विचारलं नव्हतं.

"अम्मा," रावसाहेब हळूच म्हणाले, "अब मैं ऊपर क्या लिखूं?"

"जो देखा, वही."

"देखा तो कुछ नहीं."

"वही."

रावसाहेब उठले. दारापर्यंत गेले, परत आले. एवढंच देता येईल म्हणाले, की नवं राज्य सुरू होण्याच्या दिवसापर्यंत सामानाला कुणी हात लावणार नाही. दुसऱ्या दिवशी ट्रक येईल. मुदतवाढीचा विषय त्यांनीही काढला नाही, बाईंनीही नाही.

ते गेल्यावर बाईंनी आपलं ऑफिस रिकामं करायला घेतलं. इमारतीच्या मागच्या अंगाला, निंबाकडे उघडणारी ती एकच खोली शांत होती. रीतसर परवानगी घेऊन त्यांनी दोन्ही प्रकारचे नवे उंदीर तिथे एकत्र ठेवले आणि स्वतःची खुर्ची व्हरांड्यात मांडली. तिथेच त्या बसायच्या, वाचायच्या, जेवायच्या. कुणी चपला वाजवत आलं की मान वर करून नुसत्या बघायच्या. थोड्याच दिवसांत असं झालं की दोन्ही किटल्यांची माणसं त्या व्हरांड्यातून जाताना जिन्यापाशी चपला काढू लागली. आंध्रच्या चपला, तेलंगणाच्या चपला, एकाच ढिगात. एकदा दोन पुढाऱ्यांच्या चपलांची अदलाबदलही झाली. त्यावरून तंटा झाला, पण तोसुद्धा कुजबुजत.

रुख्साना यायची, काम करायची, जायची. बाईंशी कामापुरतंच बोलायची. "पिपेट." "हौ." "बदला." मी मधल्या मधे विनोद करायचा प्रयत्न करायचो आणि दोघीही माझ्याकडे, डबा दगडावर ठेवल्यासारखं बघायच्या. उंदरांना शांत व्हायला आठवडे लागतात. ते जात होते. प्रत्येक दिवस गेला की तिची ती नोकरी थोडी लांब जात होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. बाईंना ते रोज समोर बसून बघावं लागायचं.

शेवटचा दिवस उजाडला तो मर्फ्याच्या आवाजाने. नवं राज्य झालं होतं. फाटकावर गुलाल, फटाके, नाच. ताणलेल्या हृदयाच्या शेवटच्या उंदराच्या पेशी सकाळी सुट्या झाल्या होत्या आणि त्या दुपारपर्यंतच टिकणार. संध्याकाळी खोके बांधायला माणसं येणार. आणि मर्फा असा वाजत होता, की तरंगता दगडही थरथरत होता. रुख्साना नळी पेशीला टेकवायची, रेघ सुटायची. दुसरी पेशी. सुटली. बाई दोन्ही तळवे दगडावर दाबून उभ्या होत्या. त्याने काही होत नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

"जाधवराव," त्या मान न वळवता म्हणाल्या, "त्यांना जरा थांबवता येईल का?"

मी गेलो. राज्य मिळाल्याचा आनंद करणाऱ्या पाचपन्नास लोकांना 'उंदरासाठी थांबा' कसं सांगायचं, हे मी जिन्यावर घोकत होतो. फाटकाशी पोचलो आणि तोंड उघडायच्या आत कुणीतरी माझे दोन्ही हात धरून मला रिंगणात ओढलं. "आओ जाधव साब!" मी नाचलो. माझं वय, माझं पोट, माझे गुडघे. डोक्यावर गुलाल पडला, खिशात गेला. ओरडून सांगत होतो, पण मर्फेवाल्याला वाटायचं मी खूश आहे, म्हणून तो आणखी जोरात वाजवायचा.

शेवटी धापा टाकत मी कँटीनकडे पळालो. यादगिरीला हाताशी घेतलं आणि दोन्ही किटल्या उचलल्या. दाराशी बसलेले एका बाजूने ओरडले, खिडकीशी बसलेले दुसऱ्या बाजूने. मर्फेवाल्यांसमोर जाऊन किटली उंच धरली. सकाळपासून वाजवून ते थकले होते. चहा बघताच त्यांनी ढोल खाली ठेवले. मी प्रत्येकाला ओतत होतो तो इतका हळूहळू, की एकाने विचारलं, "साब, आप के हाथ में दर्द है क्या?" दुसरी किटलीही रिती होईस्तोवर फाटकावर फक्त भुरके ऐकू येत होते.

वर आलो तर दार आतून बंद. काचेतून पाहिलं. रेघ वरखाली होत होती. सुरळीत. रुख्सानाच्या खांद्यावरून बाई बघत होत्या, आणि दोघींपैकी कुणी श्वास घेत असेलसं वाटत नव्हतं. औषध सोडलं. वाट पाहिली. रेघ थोडी खाली उतरली, म्हणजे कॅल्शियम थोडं जास्त आत गेलं. आणखी थोडी. मग बाहेर मर्फा पुन्हा सुरू झाला आणि रेघ सुटली. पण तोवर झालं होतं.

पुढच्या दिवसांत हिशेब लागला. फरक होता. ताणलेल्या हृदयात ते एन्झाइम खरंच थोडं कमी पडत होतं. पण थोडं. पहिल्या आलेखातली ती भलीमोठी फट होती ना, तिच्यातली बरीचशी भीतीची निघाली.

"इत्तासा?" रुख्साना म्हणाली. महिन्यांनंतर तिचा कामाबाहेरचा पहिला शब्द.

"इतकासा," बाई म्हणाल्या. "पण तो उद्याही इतकाच राहील."

ट्रक आले. सूक्ष्मदर्शक गेला. काळा दगड आम्ही सहाजणांनी उचलून बाईंच्या नारायणगुड्याच्या अंगणात ठेवला. रुख्सानाचा प्रबंध उन्हाळ्यात झाला नाही, आणि ती नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. बाई निवृत्त झाल्या. समारंभ व्हायचा होता, पण कुठल्या राज्याने हार आणायचा यावर एकमत झालं नाही.

रुख्सानाची तोंडी परीक्षा जवळजवळ वर्षाने झाली. मी मागे प्रोजेक्टरपाशी होतो. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बाई. दोघींची भेट झाली की नाही मला माहीत नाही. परीक्षक बाहेरगावचे होते, पातळ ओठांचे. रुख्सानाने पहिलीच स्लाइड लावली ती त्या जुन्या, मोठ्या फटीच्या आलेखाची.

"हे तर तुम्हीच चुकीचं ठरवलंय," परीक्षक इंग्रजीतून म्हणाले. "मग सुरुवातीला का दाखवता?"

मला वाटलं ती बाईंचं नाव सांगेल. पूर्वी सांगितलंही असतं, रागाने. ती म्हणाली, "सर, हा जास्त चांगला दिसतो म्हणून. बघणारा फसू शकतो. मी फसले होते. माझ्या प्रबंधात ही जागा कुठे आहे हे तुम्हाला मी आधी दाखवलेलं बरं." परीक्षक पुढे बरंच काही विचारत राहिले. तिचा आवाज एकदाही चढला नाही.

टाळ्या वाजल्या तेव्हा मी मागे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. खिडकीपाशी गेलो. बाई फाटकाबाहेर उभ्या होत्या, हातात छत्री, न उघडलेली. एक भरलेली ऑटो त्यांच्यापुढे थांबली. गाणं इतक्या जोरात की मला वरपर्यंत ऐकू येत होतं. बाई वाकून ऑटोवाल्याशी काहीतरी बोलल्या. तो हसला. गाणं काही कमी झालं नाही. बाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग इतर बायकांमध्ये अंग चोरून बसल्या. ऑटो कोठी बाजाराच्या दिशेला निघून गेली. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. पुढे त्या पुण्याला भाच्याकडे गेल्याचं कळलं.

त्या संध्याकाळी सुनंदा अंबाडी निवडत बसली होती. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रयोगशाळा गेली, मुदतवाढ गेली, पोरीची नोकरी गेली, फरक निघाला तो इतकासा. सांगून झाल्यावर विचारलं, "तू असतीस बाईंच्या जागी, तर काय केलं असतंस?"

तिने एक जून पान बाजूला टाकलं.

"मी गप्प बसले असते," ती म्हणाली. "आणि मग जन्मभर तुमच्यावर चिडत राहिले असते."